पॉपायची मार्सेलिस मोहीम

पहिल्या भागाने पाच ऑस्कर पटकावलेले असताना दुसरा भाग काढायला छाती लागते. ‘द फ्रेंच कनेक्शन’ (१९७१) सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरला. शिवाय दिग्दर्शन, अभिनय, पटकथा आणि संकलन यांची ऑस्करही त्यालाच मिळाली. त्याचा दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिन पुढच्या भागाच्या वाटेला गेला नाही. ती जबाबदारी जॉन फ्रँकेनहायमरने उचलली आणि पहिल्या भागात लोकांनी ज्याला टाळ्या दिल्या होत्या, ते जवळजवळ सगळं बाजूला ठेवलं. न्यूयॉर्क नाही, लोहमार्गाखालून सुसाटलेली ती मोटार नाही, रॉय शायडरने रंगवलेला जोडीदारही नाही. उरला एकटा पॉपाय डॉईल, म्हणजे जीन हॅकमन. आणि त्याच्या हातून निसटलेला हेरॉइनचा सौदागर अलँ शार्निए. मे १९७५मध्ये ‘फ्रेंच कनेक्शन २’ पडद्यावर आला, आणि मला तो आजही सिक्वेलच्या इतिहासातला सर्वांत धाडसी प्रयोग वाटतो. त्याच्या मागच्यापुढच्या या काही गोष्टी.

तेच बंदर!

शार्निएचा माग काढत पॉपाय पोचतो फ्रान्समधल्या मार्सेलिसला. मराठी वाचकाला हे नाव शाळेपासून पाठ आहे: ८ जुलै १९१०ला सावरकरांनी बोटीतून उडी घेतली ती याच बंदरात. जगाच्या गुन्हेगारी इतिहासात मात्र मार्सेलिस गाजलं ते वेगळ्याच मालामुळे. तुर्कस्तानातल्या अफूपासून बनवलेला मॉर्फिनचा कच्चा माल इथे उतरायचा, आसपासच्या घरांत थाटलेल्या गुप्त प्रयोगशाळांमध्ये त्याचं हेरॉइन व्हायचं आणि ते अमेरिकेला रवाना व्हायचं. धंद्याच्या नाड्या कॉर्सिकन टोळ्यांच्या हातात होत्या. या मालाची शुद्धता इतकी, की जोसेफ सेझारी नावाचा रसायनतज्ज्ञ त्यासाठी दोन्ही देशांच्या पोलिसांत प्रसिद्ध होता.

चित्रपट आला तेव्हा या साखळीची अखेर जवळ आली होती. १९७१मध्ये फ्रान्स आणि अमेरिकेने एकत्र कारवाईचा करार केला, त्याच वर्षी तुर्कस्तानने खसखशीच्या शेतीवर बंदी जाहीर केली. पुढच्या दोन वर्षांत एकामागून एक प्रयोगशाळा पकडल्या गेल्या. तरी हा लढा पडद्यावरच्याइतका सोपा नव्हता. या टोळ्यांच्या मागे लागलेले दंडाधिकारी पिएर मिशेल यांची २१ ऑक्टोबर १९८१ला मार्सेलिसच्याच रस्त्यावर गोळ्या घालून हत्या झाली. ‘ला फ्रेंच’ (२०१४) या फ्रेंच चित्रपटात त्यांची कहाणी आहे. भूमिका ‘द आर्टिस्ट’वाल्या ज्याँ द्युजार्दँची.

चुकून सापडलेला खलनायक

शार्निए म्हणजे फर्नांडो रे. अंगावर उंची ओव्हरकोट, हातात छत्री, बोलण्यात मार्दव. फ्रीडकिनने स्वतःच सांगितलेली हकिगत अशी: त्याला लुई बुन्युएलच्या ‘बेल द जूर’मधला स्पॅनिश नट हवा होता, म्हणजे फ्रान्सिस्को राबाल. निरोपाची गफलत झाली आणि न्यूयॉर्कमध्ये उतरला बुन्युएलचाच दुसरा आवडता नट, फर्नांडो रे. त्याची ती नेटकी दाढीही फ्रीडकिनला नको होती. रेने ती काढायला नकार दिला. शेवटी तीच दाढी शार्निएची ओळख ठरली. फ्रेंच माफियाचा चेहरा म्हणून जगभर ओळखला गेलेला हा माणूस अस्सल स्पॅनिश!

आणि बुन्युएलने यावर काय केलं पाहा. १९७२च्या आपल्या ‘द डिस्क्रीट चार्म ऑफ द बूर्झ्वाझी’मध्ये त्याने याच रेला एका काल्पनिक देशाचा राजदूत केलं, आणि तो राजदूत सरकारी टपालाच्या थैलीतून कोकेन आणतो.

खरा शार्निए सुटला, आणि मालही!

पहिल्या भागाची कथा घडलेली आहे. एडी ईगन आणि सनी ग्रोसो या न्यूयॉर्कच्या दोन डिटेक्टिव्हनी १९६१-६२मध्ये हेरॉइनची मोठी खेप पकडली: ११२ पौंड, म्हणजे सुमारे ५१ किलो, एका ब्यूइक गाडीच्या पोकळीत दडवलेलं. गाडी अमेरिकेत आणली होती जाक आंजेल्व्हँ या फ्रेंच टीव्हीवरच्या नामवंत निवेदकाने. सूत्रधार जाँ जेहान मात्र न्यूयॉर्क पोलिसांच्या हाती लागला नाही. पॉपाय हे टोपणनावही ईगनचंच. पहिल्या भागात ईगन आणि ग्रोसो दोघेही छोट्या भूमिकांत दिसतात. ईगन तर पॉपायचा साहेब झाला आहे.

पुढची गोष्ट चित्रपटापेक्षा थरारक आहे. पकडलेलं हेरॉइन पुरावा म्हणून पोलिसांच्याच मालखान्यात ठेवलं होतं. डिसेंबर १९७२मध्ये, म्हणजे ऑस्कर सोहळ्यानंतर काही महिन्यांनी, लक्षात आलं की काही पुड्यांना किडे लागले आहेत. हेरॉइनला किडे कसे लागतील? आत पीठ होतं. मालखान्यातून शेकडो पौंड अमली पदार्थ आधीच पसार झाले होते, आणि ‘फ्रेंच कनेक्शन’चा मालही त्यातच गेला होता.

हॅकमनचा तुरुंग

आता मुख्य मुद्द्यावर येतो. मार्सेलिसमध्ये पॉपायला भाषा येत नाही, अधिकार नाही, आणि फ्रेंच इन्स्पेक्टर बार्तेलमीला तो नको आहे. बारमध्ये जाऊन साधी व्हिस्की मागतानाही त्याची दमछाक होते. त्याला ठाऊक नसतं की शार्निएला बाहेर काढण्यासाठी त्याला आमिष म्हणून पाठवलं आहे. मग शार्निए त्याला उचलून एका कळकट हॉटेलात डांबतो आणि रोज हेरॉइनची सुई टोचत राहतो. गुंडांच्या मागावर असलेला पोलिस स्वतःच व्यसनी होतो. काही आठवड्यांनी त्याला पोलिस ठाण्याच्या दारात टाकून दिलं जातं. त्यानंतर बार्तेलमी त्याला कोठडीत बंद करून, कुठलंही औषध न देता, त्याची नशा उतरवतो.

त्या कोठडीतला हॅकमन पाहताना अंगावर काटा येतो. घाम, थरथर, ओकाऱ्या, शिव्या, गयावया. पहिल्या भागासाठी त्याला ऑस्कर मिळालं. माझ्या मते त्याचं मोठं काम हे दुसऱ्या भागातलं आहे. तरुणपणी आपण बेसबॉलच्या यांकीज संघात शिरायचा प्रयत्न केला, तिथे मिकी मँटलला खेळताना पाहिलं आणि निमूटपणे पोलिसभरतीची परीक्षा दिली, हे तो बार्तेलमीला सांगतो. आपल्याकडच्या एखाद्या फौजदाराने परक्या देशातल्या कोठडीत बसून, ज्याला क्रिकेट म्हणजे काय हेच माहीत नाही अशा माणसाला सचिनचा स्ट्रेट ड्राइव्ह समजावून सांगावा, तसा तो प्रसंग आहे. सांगता सांगता पॉपायला रडू फुटतं. चित्रपटाच्या संवादांवर न्यूयॉर्कचा स्तंभलेखक पीट हॅमिल याने हात फिरवला होता. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही, ते असायला हवं होतं.

त्या हॉटेलातल्या प्रसंगात एक वयस्क, प्रेमळ बोलणारी बाई पॉपायजवळ येऊन बसते, त्याचा दंड कुरवाळते आणि अलगद घड्याळ लांबवते. स्वतःच व्यसनी असलेली ही बाई म्हणजे इंग्रज रंगभूमीवरची कॅथलीन नेस्बिट. १८८८चा जन्म, म्हणजे चित्रपट आला तेव्हा वय ८६! कवी रूपर्ट ब्रुक ऐन तारुण्यात हिच्या प्रेमात होता.

छायाचित्रकाराचं बंगाल

मार्सेलिसचे गल्लीबोळ टिपणारा कॅमेरा क्लोद रेन्वारचा. चित्रकार ओग्युस्त रेन्वार हे त्याचे आजोबा, दिग्दर्शक ज्याँ रेन्वार काका. काकांचा ‘द रिव्हर’ (१९५१) बंगालमध्ये चित्रित झाला तेव्हाही कॅमेरा क्लोदचाच होता. त्या चित्रीकरणावर हजर राहून त्याचं काम निरखणारा एक तरुण होता सुब्रत मित्र, पुढे ‘पथेर पांचाली’चा छायाचित्रकार. सत्यजित राय यांनीही रेन्वारना चित्रीकरणाच्या जागा शोधायला मदत केली होती. त्याच कॅमेऱ्याने पुढे पॉपायमागे धाव घेतली, हे लक्षात ठेवून चित्रपट पाहिला तर त्यातलं निसर्गप्रकाशाचं काम वेगळंच भासतं.

फ्रँकेनहायमर फ्रान्समध्ये राहिलेला होता, त्याला फ्रेंच उत्तम यायचं. ‘द ट्रेन’ (१९६४) त्याने फ्रान्समध्येच केला होता आणि ‘रोनिन’साठी (१९९८) तो पुन्हा तिथेच गेला. मार्सेलिस त्याच्या चित्रपटात पोस्टकार्डावरचं दिसत नाही ते म्हणूनच. गोदीची गटारं, मासळीबाजार, भिंतींचे पोपडे, सगळं जसंच्या तसं आहे. सुक्या गोदीत पाणी सोडलं जातं तो प्रसंग तर बसल्या जागी पाय वर घ्यायला लावतो.

पायी पाठलाग

पहिल्या भागातला मोटारीचा पाठलाग चित्रपटांच्या इतिहासात गेला. त्याची बरोबरी करायच्या फंदात फ्रँकेनहायमर पडला नाही. शेवटचा पाठलाग त्याने पायी ठेवला. शार्निए वाहनातून निघतो, नंतर नौकेवर चढतो, आणि व्यसनातून नुकताच सुटलेला, धापा टाकणारा, लंगडणारा पॉपाय बंदराच्या कडेकडेने धावत राहतो. हा माणूस आता कोसळेल, असं प्रत्येक पावलाला वाटतं.

शेवट सांगत नाही. तो निमिषभरात येतो आणि त्याच्यावरच चित्रपट संपतो, ना संगीत ना उपसंहार. दोन्ही भाग एका सुट्टीत लागोपाठ पाहा. दुसऱ्याची शेवटची पाच मिनिटं मात्र मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा.