रडीचा डाव कसा टाळायचा?

पावसाचे दिवस. मैदानावर चिखल, म्हणून खेळाच्या तासाला वर्गातच कॅरम, ल्युडो, सापशिडी निघते. पहिली दहा मिनिटं मजेत जातात. मग एकदम आरडाओरडा, "बाई, हा चीटिंग करतोय!" कुणाच्या डोळ्यांत पाणी, तर कुणी पटच उधळून मोकळा. सुट्टीत घरीही हेच होत असेल, नाही का?

आपण पटकन म्हणतो, "खेळच तर आहे, हरलास तर काय झालं?" पण मुलाला खरंच वाईट वाटलेलं असतं. जिंकायची इच्छाच नसेल तर खेळात मजा ती काय? इच्छा चुकीची नाही. जिंकायलासुद्धा समोर कुणीतरी खेळणारं लागतं, हे मात्र मुलं विसरतात.

माझ्या वर्गात एक मुलगा कॅरममध्ये पटाईत होता. पण समोरच्याचा नेम चुकला की खदाखदा हसायचा. हळूहळू त्याच्यासमोर बसायला कुणी तयार होईना. हातात स्ट्रायकर आणि समोर रिकामी जागा! मी त्याला उपदेश केला नाही. चौघांचा डाव लावला आणि नुकतंच शिकणाऱ्या मुलाला त्याचा जोडीदार केलं. आता जोडीदार चुकला तर हसून भागणार नव्हतं, शिकवावं लागणार होतं. तो शिकवू लागला, आणि मुलं पुन्हा त्याच्याशी खेळू लागली.

खेळ निवडतानाही विचार करा. सापशिडीत सगळं फाशावर असतं, म्हणून पहिलीतलं मूल आजोबांनाही हरवू शकतं. लहानांना हरण्याची सवय लावायला हा खेळ उत्तम. ल्युडोत दान नशिबाचं, पण कोणती सोंगटी चालवायची हे आपण ठरवतो. कॅरम आणि बुद्धिबळात कौशल्य लागतं, त्यामुळे तिथली हार जास्त झोंबते.

काही साध्या गोष्टी करून पाहा :

१. नियम आधी ठरवा. ल्युडोत सोंगटी फक्त सहावर सुटणार की एकवरही? निम्मी भांडणं इथेच मिटतात.

२. मुद्दाम हरू नका. मुलांना ते कळतं. त्यापेक्षा उघड सवलत द्या : "मी वजीर न घेता खेळतो." आपल्याकडे लिंबूटिंबू असतोच की! तो खेळतो, पण त्याच्यावर राज्य येत नाही.

३. हरणाऱ्याला पुढच्या डावात पहिली खेळी द्या.

४. "कोण जिंकलं?" हा प्रश्न थोडा बाजूला ठेवा. "आज कोणती खेळी भारी झाली?" असं विचारा. समोरच्याची खेळी सांगितली तर खास शाबासकी द्या.

आणि हो, मोठ्यांनीही हरल्यावर तोंड पाडू नये. मुलं फाशाकडे बघतात, तशी आपल्याकडेही बघत असतात. डाव संपल्यावर "उद्या परत खेळू या" असं दोघांनाही वाटलं, तर तो डाव दोघांनीही जिंकला.