कोरियन टीमसोबत मीटिंग आहे? आधी ‘ने’ समजून घ्या

सोलचं घड्याळ आपल्या साडेतीन तास पुढे. तिथली सकाळी 9 ची मीटिंग म्हणजे अंधेरी-मुलुंडमध्ये पहाटे 5:30! रांजणगावला एलजी, तळेगावला ह्युंदाई, माणगावजवळ पोस्को. त्यामुळे असे कॉल महाराष्ट्राला नवे नाहीत.

सुरुवात ‘आन्यॉन्ग हासेयो’ म्हणजे नमस्कारने. ‘जाल दुल्लीसेयो?’ म्हणजे नीट ऐकू येतंय का? आवाज गेला तर ‘सोरिगा आन दुल्ल्यॉयो’, आणि पुन्हा सांगा म्हणायचं तर ‘दाशी हानबॉन मालसुम्हे जुसेयो’. लांबलचक आहे, पण नेटवर्क बघता हेच सर्वात जास्त लागणार.

खरी गफलत होते ती ‘ने’ या एका अक्षराने. अर्थ ‘हो’. पण तुम्ही बोलत असताना समोरून ‘ने, ने’ येतं, ते बरेचदा आपल्या ‘हं, हं’सारखं असतं. ऐकतोय, इतकंच. त्यावर ऑर्डर पक्की समजून कामाला लागलात तर पंचाईत. ‘गॉम्तोहे बोगेस्सुम्निदा’ म्हणजे ‘तपासून बघतो’. हाही होकार नाही. आपल्याकडचं ‘बघतो, कळवतो’ आठवा! म्हणून ठरलेलं सगळं मीटिंगनंतर ईमेलवर लिहून घ्या.

वरिष्ठांना नुसतं ‘किम’ म्हणू नका. हुद्द्यापुढे ‘निम’ जोडतात: विभागप्रमुख असेल तर ‘किम बुजांगनिम’.

निरोपाला सहकारी ‘सुगोहास्यॉस्सुम्निदा’ म्हणतात, म्हणजे ‘मेहनत घेतलीत’. वरिष्ठांना मात्र ते खटकू शकतं. तिथे साधं ‘काम्साहाम्निदा’, धन्यवाद.