मधुमेही मांजर आणि त्याचें इन्सुलिन

मनुष्याप्रमाणें मांजरालाहि मधुमेह होतो, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. परंतु अंगानें स्थूल झालेलें, दिवसभर घरांत लोळणारें मांजर वारंवार पाणी पिऊं लागलें, त्याची लघवी वाढली आणि भरपूर खाऊनहि तें रोडावूं लागलें, तर या रोगाची शंका घ्यावी. नुसत्या भीतीनेंहि मांजराच्या रक्तांतील साखर चढते. म्हणून मागील कांहीं आठवड्यांच्या साखरेचा अंदाज देणारी फ्रुक्टोसामीनची तपासणी पशुवैद्य करवितात.

रोग ठरला, म्हणजे प्रश्न उभा राहतो तो इन्सुलिनच्या निवडीचा. घरांत आजोबांचें इन्सुलिन फ्रीजमध्यें असतें; त्यांतलेंच थोडें मांजराला टोचलें तर काय बिघडलें, असा विचार सहज मनांत येतो. आमच्या मतें हाच विचार सर्वांत घातक होय.

याचें पहिलें कारण असें कीं, मांजराच्या शरीरांत इन्सुलिनचा अंमल लवकर ओसरतो. माणसांना मध्यम मुदतीचें म्हणून देतात तें एन्. पी. एच्. इन्सुलिन मांजराला पुष्कळदां बारा तासहि पुरत नाहीं. यास्तव संथपणें व दीर्घकाळ काम करणारें इन्सुलिन त्याच्याकरितां निवडतात. माणसांकरितां निघालेलें ग्लार्जिन, आणि मांजरांकरितां २००९ सालीं अमेरिकेंत मान्यता मिळालेलें प्रोटामीन-झिंक, हीं दोन त्यांत प्रमुख आहेत. डुकराच्या इन्सुलिनपासून बनविलेलें कॅनिन्सुलिनहि वापरतात; पण त्याचा अंमल तुलनेनें कमी टिकतो.

दुसरें कारण तीव्रतेचें. नेहमींच्या ग्लार्जिनच्या एका मिलिलिटरांत १०० युनिट असतात. वर सांगितलेल्या जनावरांच्या दोन्ही औषधांत ४०. सिरिंजहि त्या त्या प्रमाणाच्या निरनिराळ्या मिळतात. १०० चें औषध ४० च्या सिरिंजनें एक युनिटाच्या रेघेपर्यंत भरलें, तर प्रत्यक्षांत अडीच युनिट जातात. मांजराची आरंभींची मात्रा बहुधा एक युनिटाच्या आसपास असते, हें लक्षांत घेतां ही चूक किती मोठी तें उघड आहे. साखर फार उतरली, तर मांजर लटपटतें, त्यास झटके येतात, प्रसंगीं तें दगावतें. अशा वेळीं हिरड्यांस मध किंवा ग्लुकोज चोळून तत्काळ पशुवैद्याकडे न्यावें.

एकत्र कुटुंबांत आणखी एक धोका संभवतो. सकाळीं काकूंनीं टोचलेलें ठाऊक नसल्यामुळें पुतण्या पुन्हां टोचतो. म्हणून हें काम एकाच माणसाकडे असावें, व वेळ आणि मात्रा वहींत टिपावी. टोचलें कीं नाहीं अशी शंका आल्यास टोचूं नये. दुप्पट मात्रेपेक्षां एक पाळी चुकलेली बरी.

शेवटीं आहाराविषयीं. आपल्या घरांतून मांजराला दूधभातावर पोसण्याची चाल आहे. मधुमेहांत तो भात बाधतो. योग्य इन्सुलिन लवकर सुरू झालें, आणि पिष्ट कमी व प्रथिनें अधिक असा मांसाहार मिळाला, तर कित्येक मांजरांची इन्सुलिनची गरज कांहीं महिन्यांत सुटते. मात्र आहार बदलला कीं मात्राहि कमी करावी लागते. तें पशुवैद्याच्या देखरेखीखालींच व्हावें. शाकाहार हें आपलें व्रत आहे; मांजरानें तें घेतलेलें नाहीं.