उघड्या पोटाने जन्मलेली बालके : उपचार आणि जुळणी

कामगार संघटनेचा कार्यकर्ता वसंत व्याख्यानमालेत उभा राहिला म्हणजे तो बोनस, वेतनश्रेणी किंवा कंत्राटी पद्धत यांवर बोलणार, असे श्रोते गृहीत धरतात. आज आम्ही नवजात बालकांच्या एका जन्मजात दोषाविषयी बोलणार आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. येथे सांगणार ते वाचून आणि जाणत्यांना विचारून जमविलेले आहे. तथापि या दोषाने जन्मलेले मूल वाचते की दगावते, हे पुष्कळ अंशी माणसांच्या आणि साधनांच्या जुळणीवर ठरते. आणि जुळणी हा तर आमच्या नित्याच्या कामाचा विषय आहे.

प्रथम गर्भाची घडण पाहू. सहाव्या आठवड्याच्या सुमारास गर्भाची आतडी इतक्या झपाट्याने वाढतात की इवल्याशा पोटात ती मावत नाहीत. ती नाळेच्या मुळातून बाहेर येतात, तेथेच वाढतात, वळण घेतात आणि दहाव्या आठवड्याच्या सुमारास पोटात परत जातात. म्हणजे या सभेत बसलेल्या प्रत्येकाची आतडी एकेकाळी काही आठवडे पोटाबाहेर राहून आलेली आहेत! हे परत जाणे घडले नाही, किंवा पोटाची भिंत नीट जुळली नाही, तर मूल पोटातील अवयव बाहेर घेऊन जन्माला येते.

याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात बेंबीच्या शेजारी, बहुधा उजव्या बाजूस, एक भोक असते आणि त्यातून आतडी उघडीच बाहेर आलेली असतात. त्यांवर कसलेही आवरण नसते. गर्भजलात महिनोन्‌महिने भिजल्यामुळे ती सुजलेली व जाड झालेली असतात. यास गॅस्ट्रोस्कायसिस म्हणतात. दुसऱ्या प्रकारात बेंबीच्या जागीच पोट उघडे असते. आतडी आणि कधी कधी यकृतही बाहेर असते, परंतु त्यांवर पातळ पिशवी असते आणि नाळ त्या पिशवीलाच जोडलेली असते. हा ओम्फॅलोसील. पिशवीमुळे दुसरा प्रकार कमी भयंकर वाटतो, पण त्यात हृदयाचे व इतर दोष सोबत असण्याचा संभव बराच जास्त असतो. पहिल्या प्रकारातील मूल आतड्यांखेरीज बहुधा धडधाकट असते. दोन्ही प्रकार विरळा आहेत. काही हजार जन्मांमागे एखादा, असे त्यांचे प्रमाण सांगितले जाते.

असे मूल जन्मले की घरात पहिला प्रश्न निघतो तो आईच्या वागण्याचा. ग्रहणात तिने विळीवर भाजी चिरली असेल, म्हणून पोराच्या पोटाला चीर पडली, असे सांगणारी मंडळी अजून आहेत. ग्रहणाचा आणि या दोषाचा काडीमात्र संबंध नाही. नेमके कारण शास्त्राला अद्याप गवसलेले नाही. मात्र वीस वर्षांखालील मातांच्या मुलांत गॅस्ट्रोस्कायसिस अधिक आढळतो, ही गोष्ट अनेक देशांत दिसून आली आहे. तेव्हा दोष शोधायचाच असेल, तर मुलीचे लग्न लवकर उरकणाऱ्या वडीलधाऱ्यांनी आधी स्वतःकडे पाहावे. बाळंतिणीला बोल लावू नये.

आता मूल नेमके कशाने दगावते ते पाहू. पोटाला भोक आहे एवढ्याने ते पहिल्या तासांत मरत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात माठ पाझरतो, ते पाणी हवेत उडून जाते आणि जाताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जाते. उघड्या ओल्या आतड्यांचे हेच होते. त्यांवरून पाणी उडते, त्यासरशी अंगातील ऊब जाते आणि द्रवही घटतो. म्हणून भर मे महिन्यातही असे मूल गारठते. त्यातच उघड्या आतड्यांना जंतूंचा संसर्ग होतो. भोकाच्या कडेवर आतड्याला पीळ बसला तर त्याचा रक्तपुरवठा तुटून ते काळे पडते. मूल शल्यचिकित्सकापुढे पोचेपर्यंत हे सारे घडून गेले, तर कुशल हातसुद्धा फारसे काही करू शकत नाहीत.

यावरचा पहिला उपाय अगदी साधा आहे. स्वच्छ, निर्जंतुक, पारदर्शक प्लॅस्टिकची पिशवी घ्यायची, मुलाचे पाय आणि पोट तीत घालून ती काखेपर्यंत ओढायची. पाणी उडणे थांबते, ऊब टिकते, आणि आतड्याचा रंग बदलला तर बाहेरून दिसतो. मूल उजव्या कुशीवर निजवायचे, म्हणजे आतड्याला ओढ बसत नाही. नाकातून जठरात नळी घालून हवा व पित्त काढून घ्यायचे, शिरेतून सलाईन व प्रतिजैविके द्यायची, डोक्याला टोपी घालायची. नाळ लांब ठेवून कापायची, कारण पुढे कधी कधी तिचाच तुकडा भोकावर झाकण म्हणून उपयोगी पडतो. तोंडाने काहीही द्यायचे नाही; मध नाही, जन्मघुटी नाही. आतड्यांवर हळद लावायची नाही आणि ती आत ढकलायची तर मुळीच नाहीत. गार पाण्यात भिजवलेले फडके गुंडाळणेही घातक, कारण ते मुलाला आणखी गारठवते.

पुढचे काम शल्यचिकित्सकाचे. पोटात जागा असेल तर आतडी एकदम आत सारून भोक बंद करता येते. परंतु जागा नसताना बळेच कोंबली, तर आतला दाब वाढतो, मोठ्या शिरा दबतात, मूत्रपिंडांना रक्त मिळेनासे होते आणि मुलाला श्वास घेता येत नाही. ही अडचण १९६७ साली अमेरिकेतील शूस्टर या शल्यचिकित्सकाने सोडविली. त्यांनी कृत्रिम कापडाचे तात्पुरते आवरण पोटाला शिवून आतडी टप्प्याटप्प्याने आत नेण्याची रीत घालून दिली. पुढे सिलिकॉनची पिशवी आली. ती मुलाच्या पोटावर उभी टांगतात, दररोज वरून थोडी थोडी आवळतात, आणि आतडी आपल्याच भाराने काही दिवसांत खाली उतरतात. या पिशवीला 'सायलो' म्हणतात. कोराडीकरांना हा शब्द नवा नाही. औष्णिक वीज केंद्रात राख साठविण्याच्या उंच कोठीला आपण सायलोच म्हणतो. तयार पिशवी महाग पडते, म्हणून भारतातील शल्यचिकित्सकांनी रक्ताची किंवा लघवीची निर्जंतुक पिशवी कापून तिचाच सायलो केल्याची उदाहरणे आहेत.

मोठ्या ओम्फॅलोसीलमध्ये घाई करीत नाहीत. पिशवीवर जंतुनाशक औषध लावत राहतात. तिच्यावर हळूहळू कातडी चढते आणि स्नायूंची दुरुस्ती मूल मोठे झाल्यावर करतात.

भोक मिटले म्हणजे काम संपले असे नाही. गॅस्ट्रोस्कायसिसमध्ये सुजलेले आतडे पुष्कळदा काही आठवडे दूध पुढे सरकवीतच नाही. तोवर पोषण शिरेतून द्यावे लागते. ही पद्धत डडरिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी फिलाडेल्फिया येथे १९६० च्या दशकाच्या अखेरीस सिद्ध केली; ती नव्हती तेव्हा यशस्वी शस्त्रक्रियेनंतरही मुले उपासमारीने जात. नंतर आईचे दूध थेंबाथेंबाने सुरू होते. या सर्व काळात तीन पाळ्यांत मुलाजवळ जागी असते ती परिचारिका.

२०२१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात ७४ देशांतील २६४ रुग्णालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. गॅस्ट्रोस्कायसिस असलेल्या शंभर मुलांपैकी श्रीमंत देशांत एक-दोन दगावली, मध्यम उत्पन्नाच्या देशांत सुमारे ३२ आणि गरीब देशांत ९०. दोष तोच, आतडी तीच. एवढा फरक केवळ सुरीने पडत नाही. गर्भावस्थेत निदान, योग्य जागी बाळंतपण, ऊब, शिरेतील पोषण आणि पुरेशा परिचारिका ही सारी साखळी त्यामागे आहे, आणि तिची एक कडी तुटली की मूल जाते.

आपल्याकडे ही साखळी कशी जुळवता येईल? अठरा ते वीस आठवड्यांच्या सोनोग्राफीत हे दोष बहुधा दिसतात. मुलगा की मुलगी हे विचारणे १९९४ च्या कायद्याने गुन्हा आहे. पोटाची भिंत नीट आहे का, हे मात्र अवश्य विचारावे. दोष दिसला तर बाळंतपण शल्यचिकित्सक असलेल्या रुग्णालयातच ठरवावे, कारण नवजात मुलाला नेण्याचे सर्वांत सुरक्षित वाहन म्हणजे आईचे पोट. कोराडीहून नागपूरचे 'मेडिकल' पंधरा-वीस किलोमीटरवर आहे. गडचिरोलीच्या किंवा मेळघाटच्या बाईला हे अंतर किती पडते, याचा विचार करावा. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमानुसार आजारी नवजाताला सरकारी रुग्णालयात उपचार आणि तेथवरची वाहतूक मोफत आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे.

यंत्र आणले की जबाबदारी सरत नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात कक्षाला आग लागून दहा बालके गेली. येथे वीज निर्माण करणाऱ्या आम्हा लोकांना ती गोष्ट विसरता येत नाही. बालकाला ऊब देणारी वीज तारांची आणि उपकरणांची वेळोवेळी तपासणी मागते, आणि रात्रपाळीला पुरेशी माणसे मागते.

शेवटी रोजगाराचा प्रश्न. असे मूल महिनाभर रुग्णालयात राहिले, तर आईला २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा कायद्याने मिळते, पण ती नोंदलेल्या नोकरीत असेल तरच. खाजगी धंद्यातील बापाला अशी रजा देणारा सर्वसाधारण कायदा नाही. कंत्राटी कामगाराची हजेरी बुडते आणि चार-पाच दिवसांनी तो मूल अर्ध्या उपचारावर घरी नेण्याची भाषा करू लागतो. त्याला अडाणी म्हणणे सोपे आहे. त्याची मजुरी चालू राहील अशी तजवीज करणे कठीण आहे, आणि तीच केली पाहिजे.

म्हणून आमच्या मागण्या थोड्या आहेत. प्रत्येक प्रसूतिकक्षात निर्जंतुक पिशवी आणि ती वापरण्याचे शिक्षण घेतलेली परिचारिका असावी. नवजात कक्षातील रिक्त पदे भरावीत. मूल रुग्णालयात असेतो बापाला पगारी रजा असावी. यांतील पिशवी काही रुपयांत येते. गावातील आरोग्य केंद्रात ती आहे का, हे येथून घरी जाताना आपल्यापैकी चौघांनी जरी विचारले, तरी आजचे व्याख्यान कारणी लागले असे आम्ही समजू.