वळणावर कोण सुरक्षित : बस की ट्राम?

घाटात वळण आले की बसमधील प्रवासी नकळत समोरचा दांडा घट्ट धरतो. ट्रामविषयी मात्र अशी धास्ती सहसा वाटत नाही. मुंबईची ट्राम ३१ मार्च १९६४ रोजी कायमची थांबली. तरी रुळांवरची गाडी रुळांनीच सांभाळलेली असते, हा समज आपल्या घरांतून टिकून आहे. तो कितपत खरा, हे आम्हांस येथे पाहावयाचे आहे.

वळणावर प्रत्येक वाहन सरळच जाऊ पाहते. त्यास वळविण्यास लागणारे बल वेग दुप्पट होताच चौपट होते. बसला हे बल टायर व रस्ता यांच्या घर्षणातून मिळते. म्हणून ओल्या रस्त्यावर ती घसरते. ट्रामच्या चाकांची कड रुळास टेकते, त्यामुळे ती तशी घसरत नाही. परंतु वेग अनावर झाला तर हीच पकड घातक ठरते. चाके रुळांशी अडतात, वरचा भाग बाहेर झुकतो आणि गाडी उलटते.

लंडनच्या क्रॉयडन भागात सँडिलँड्स येथे ९ नोव्हेंबर २०१६ रोजी पहाटे हेच घडले. सुमारे ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ताशी २० किलोमीटरची मर्यादा होती. ट्राम आली ती ताशी ७३ किलोमीटर वेगाने. आवश्यक बल तेरा पटींनी वाढले होते. सात प्रवासी मृत्युमुखी पडले, साठांहून अधिक जखमी झाले. चालकाचे भान काही काळ हरपले असावे, असा चौकशीचा निष्कर्ष होता. पुढे तेथील ट्रामगाड्यांना वेगमर्यादा ओलांडताच आपोआप ब्रेक लावणारी यंत्रणा बसविण्यात आली.

म्हणून बस बरी म्हणावी काय? तसेही नाही. बस रस्त्याची कड ओलांडू लागली, तर तिला धरणारे रूळ नसतात. २८ जुलै २०१८ रोजी पोलादपूरजवळ आंबेनळी घाटात बस दरीत कोसळून ३३ जण प्राणास मुकले.

ट्रामच्या चालकास केवळ वेग सांभाळावयाचा असतो. बसच्या चालकास वेग आणि दिशा दोन्ही. या दृष्टीने ट्रामची बाजू किंचित उजवी ठरते. परंतु वेगाची चूक रूळ पोटात घालीत नाहीत. दोन्ही वाहनांची सुरक्षितता वळण येण्यापूर्वीच, वेग आवरण्यात ठरते. तेव्हा लग्नकार्यास उशीर होत असला, तरी चालकास घाई करण्याचा आग्रह आपण कोणी धरू नये, एवढेच आमचे सांगणे आहे.