खिडकीतलं मिरचीचं बोन्साय

मिरचीचं झाड एका हंगामाचं, असं आपण धरून चालतो. पण १६व्या शतकात पोर्तुगीजांबरोबर आलेलं हे झुडूप मुळात बहुवर्षायू आहे. त्याचा बुंधा लाकडासारखा होतो. पेठसारख्या मुसळधार पावसाच्या, भाताच्या तालुक्यात ते मरतं ते बहुधा साचलेल्या पाण्यानं मुळं कुजून. म्हणून तोडे संपलेलं, जाड बुंध्याचं निरोगी झाड उपटून फेकू नका, त्याचं बोन्साय करा. चुरडा-मुरडा रोग झालेलं मात्र घरात आणूच नये.

बुंध्यालगतच्या दोन-तीन फांद्यांचे खुंट ठेवून बाकी छाटा. मुळं धुऊन थोडी कमी करा आणि तळाला भोक असलेल्या उथळ कुंडीत, वाळू व कुजलेलं शेणखत मिसळलेल्या मातीत लावा. शेंडा गेला की तिथून उतरणारं ऑक्सिन हे संप्रेरक थांबतं आणि पेरांवरचे सुप्त डोळे फुटतात. सारी किमया इथेच आहे! आकार देण्यासाठी तार कोवळ्या फुटव्यांनाच गुंडाळा. जून लाकूड कडकन मोडतं.

झाड बुटकं झालं म्हणून फळ लहान होत नाही. तेव्हा लवंगीसारखी बारीक मिरचीच निवडा. ऊन भरपूर हवं. घरात वारा नसतो, म्हणून फुलं आली की फांदीला हलकी टिचकी मारा. परागकण त्याच फुलाच्या कुक्षीवर पडतात आणि मिरची धरते.