खेळ खेळायचा, की तारे मोजायचे?

आजचा विषय आहे खेळातून शिकणं. सुरुवात मी माझ्याच एका चुकीने करतो.

चौथीच्या वर्गावर असताना मी भिंतीवर एक तक्ता लावला होता. पाढा पाठ झाला की एक तारा, गृहपाठ पूर्ण झाला की आणखी एक. पहिले पंधरा दिवस वर्गात नुसता उत्साह! महिन्याभरात बघतो तर वरची पाच नावं तीच ती, आणि खालच्या मुलांनी तक्त्याकडे बघणंच सोडलेलं. एक मुलगी येऊन म्हणाली, ‘सर, बाराचा पाढा आला मला. पण तरी मी खालीच ना?’ पाढा आल्याचा तिचा आनंद त्या तक्त्याने खाल्ला होता. आणि तक्ता लावला होता मी.

असं का होतं? १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांचा एक प्रयोग प्रसिद्ध झाला. बालवाडीतली, चित्रं काढायला मुळातच आवडणारी मुलं त्यांनी निवडली. काहींना आधी सांगितलं, ‘चित्र काढलंत तर प्रशस्तिपत्र मिळेल.’ काहींना न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. एक-दोन आठवड्यांनी वर्गात रंगपेनं पुन्हा ठेवली. आता गंमत बघा. ज्यांना बक्षिसाची आधी कल्पना होती, ती मुलं इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रं काढत बसली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं मात्र काही बिघडलं नाही. म्हणजे दोष बक्षिसाचा नाही, ‘हे कर, मग ते देतो’ या सौद्याचा आहे. जे आवडीने चाललं होतं, ते काम होऊन बसलं.

मग खेळ वर्गाबाहेर ठेवायचा का? मुळीच नाही. तारे, गुण, क्रमांक ही खेळाची सजावट झाली. खेळ असतो तो चालीत.

याचं सुंदर उदाहरण गीता रमानी आणि रॉबर्ट सीग्लर यांच्या २००८ सालच्या अभ्यासात आहे. अमेरिकेतल्या गरीब घरांमधल्या बालवाडीच्या मुलांना त्यांनी एक साधा पट दिला. सरळ रेषेत दहा घरं, त्यांत १ ते १० आकडे. चकती फिरवायची, एक किंवा दोन घरं पुढे जायचं आणि जाताना घरातला आकडा मोठ्याने म्हणायचा. दुसऱ्या गटाचा पट तसाच, फक्त आकड्यांऐवजी रंग. दोन आठवड्यांत चार वेळा, पंधरा-वीस मिनिटं खेळ. आकड्यांच्या पटावरच्या मुलांची संख्यांची समज स्पष्ट सुधारली आणि नऊ आठवड्यांनंतरही टिकून होती. रंगांच्या पटावरच्यांची सुधारली नाही. मजा दोन्हीकडे होती, पण शिकणं एकाच पटाच्या चालीत होतं.

आता आपल्या घरातली सापशिडी घ्या. सोंगटी ३७ वर आहे, फाशावर पडले चार. मूल काय म्हणतं? ‘एक, दोन, तीन, चार.’ इथेच थांबवा आणि म्हणा, ‘घरातले आकडे म्हणत जा.’ अडतीस, एकोणचाळीस, चाळीस, एक्केचाळीस! मराठीतलं ‘एकोण’ भल्याभल्या मुलांना अडवतं, ते इथे खेळता खेळता सुटतं. ही नुसती कल्पना नाही बरं का. एलिडा लास्की आणि सीग्लर यांनी २०१४ मध्ये शंभर घरांच्या पटावर हेच तपासलं. दर वेळी एकपासून मोजणाऱ्यांपेक्षा घरातला पुढचा आकडा म्हणत जाणारी मुलं जास्त शिकली. पट तोच, खेळ तोच, बदललं एवढंच.

म्हणून शिक्षकांनी आणि पालकांनी कुठलाही शैक्षणिक खेळ किंवा अ‍ॅप घेताना एक प्रश्न विचारावा: जे शिकवायचंय ते न वापरता मूल यात जिंकू शकतं का? जिंकू शकत असेल, तर ते फक्त जिंकायला शिकेल. आणि दुसरा प्रश्न: हरलेल्या मुलाला पुन्हा डाव मांडावासा वाटतो का? सापशिडीत ९९ वरून साप गिळतो, तरी मूल म्हणतं, ‘अजून एक डाव!’ माझ्या तक्त्यावर असं कुणीच म्हणालं नव्हतं.

तो तक्ता मी उतरवला. त्या मुलीशी सापशिडी खेळलो. हरलो, हे सांगायला नकोच.